नारायण वामन टिळक यांचे पाचारण आणि धर्मकार्य

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. शालेय पुस्तकांतून ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून परिचित आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यांच्या आयुष्यातील धर्मप्रेरणा हा आहे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर सुमारे दोन तपे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांची कर्मभूमी राहिली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला. पहिल्या निर्णयाने ते ज्या समाजात जन्मले त्याच्यापासून तुटले. दुसऱ्या निर्णयाने ज्या संस्थेने त्यांना आसरा दिला तिच्यापासून. त्यांचे धर्मकार्य समजून घ्यायचे तर हे दोन्ही त्याग एकत्र पाहावे लागतात. टिळकांच्या चरित्रांत बहुधा पहिल्यालाच अधिक जागा मिळते.

पाचारणाची कल्पना

मराठी ख्रिस्ती परिभाषेत देवाने एखाद्या व्यक्तीला विशिष्ट कार्यासाठी बोलावणे याला 'पाचारण' म्हणतात. या कल्पनेचे मूळ इब्री संदेष्ट्यांच्या कथांत आहे. इब्री भाषेतील 'नबी' या शब्दासाठी जुन्या मराठी बायबलात 'भविष्यवादी' असा शब्द होता. पुढे 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला आणि तोच अधिक नेमका आहे. कारण भविष्य सांगणे हे नबीचे मुख्य काम नव्हतेच. देवाचा निरोप, बहुधा नकोसा वाटणारा निरोप, आपल्याच लोकांपुढे मांडणे हे त्याचे काम होते.

या कथांचा एक ठरावीक घाट दिसतो. बोलावणे अकस्मात येते आणि ज्याला येते तो आधी नकार देतो. मोशे म्हणतो, आपल्याला नीट बोलता येत नाही. यिर्मया म्हणतो, आपण अजून लहान आहोत. यिर्मया हा अनाथोथ गावच्या याजक कुळातील. इ. स. पू. ६२७ च्या सुमारास त्याला पाचारण झाले. पुढील चाळीसएक वर्षे तो आपल्याच राष्ट्राच्या विनाशाची वार्ता सांगत राहिला. त्याच्या गावच्या लोकांनी त्याच्या जिवावर उठण्याचा कट केला, आणि ज्या मंदिराच्या सेवेसाठी त्याचे कूळ होते त्याच मंदिराच्या दारात उभे राहून त्याने मंदिरावरील आंधळ्या विश्वासाची निर्भर्त्सना केली. लग्न करू नकोस, अशीही त्याला आज्ञा होती. आमोसाची कथा आणखी वेगळी. तो तकोवाचा मेंढपाळ. बेथेलच्या राजमंदिराचा याजक अमस्या याने त्याला, आपल्या देशी जाऊन तिथे भाकर मिळव, असे सुनावले, तेव्हा आपण धंदेवाईक संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याचा पुत्रही नाही, असे उत्तर त्याने दिले. पोटासाठी बोलणारा आणि बोलावले म्हणून बोलणारा यांतील हा भेद टिळकांच्या उत्तरायुष्याकडे पाहताना उपयोगी पडतो.

महाराष्ट्राला या परंपरेची ओळख केवळ मिशनऱ्यांमुळे झाली असे नाही. कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायल समाज एलीया या संदेष्ट्याला 'एलियाहू हन्नाबी' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मानत आला आहे. त्याच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य केला जातो आणि अलिबागजवळील खंडाळे येथे त्याच्या आगमनाची आख्यायिका सांगितली जाते. शिवाय पाचारणाला समांतर असा अनुभव वारकरी परंपरेतही आहे. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात दिलेला गुरुमंत्र आणि नामदेवांनी स्वप्नात येऊन केलेली कवित्वाची आज्ञा प्रत्येक मराठी घराला ठाऊक असते. टिळकांच्या मनोभूमीत या दोन परंपरा एकत्र आल्या.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कठोर होते; आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असणारी होती. आईच्या मृत्यूनंतर किशोरवयातच नारायण घरातून निघाले आणि नाशिकला पोहोचले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण थोडेच झाले, पण संस्कृत काव्यशास्त्र आणि मराठी संतवाङ्मय यांवर त्यांचे प्रभुत्व बसले.

नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका ही त्यांची पत्नी. विवाहानंतरचे नाव लक्ष्मीबाई. विवाहसमयी त्या सुमारे अकरा वर्षांच्या होत्या. माहेरी सोवळ्याओवळ्याचे अतिरेकी वातावरण होते, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

टिळक एका नोकरीत फार काळ टिकत नसत. शिक्षकी, कीर्तन-प्रवचन, ग्रंथसंपादन असे उद्योग करीत ते गावोगाव फिरले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिकही चालवले. १८८३ मध्ये नागपुरातच तरुण केशवसुतांशी त्यांचा परिचय झाला. या भटकंतीला आतून एक अस्वस्थता होती. प्रचलित धर्माचरणाने त्यांचे समाधान होत नव्हते. देव हा साऱ्या मानवांचा पिता आहे, माणसे परस्परांची भावंडे आहेत आणि जातिभेदाला धर्मात स्थान नाही, अशा तत्त्वांवर एखादा नवा धर्म स्थापन करावा असे विचार त्यांच्या मनात घोळत होते. म्हणजे ख्रिस्ती धर्माकडे वळण्यापूर्वीच ते संप्रदायप्रवर्तकाच्या भूमिकेत शिरू पाहत होते. ही महत्त्वाकांक्षा त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

रेल्वेतील भेट आणि बाप्तिस्मा

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. हे गृहस्थ फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असल्याचे मानले जाते. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले संभाषण धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्यांना 'नवा करार' भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना त्या वेळी ते पटले नाही. पुस्तक मात्र त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे वाचायला घेतले, आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले.

यानंतरचा काळ द्विधेचा होता. ख्रिस्ती नियतकालिकांतील मजकूर वाचणे आणि अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार करणे असे सर्व बहुतांशी गुप्तपणे चालू होते. हेच ॲबट पुढे महाराष्ट्रीय संतकवींचे इंग्रजी अनुवादक म्हणून प्रसिद्धी पावले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळा येथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. वर्तविलेली दोन वर्षे अद्याप पुरी व्हायची होती.

या घटनेकडे टिळक स्वतः 'धर्मांतर' म्हणून, म्हणजे एक टाकून दुसरे घेणे म्हणून, पाहत नव्हते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. टीकाकारांना यात शब्दच्छल दिसला. परंतु त्यांच्या पुढील पंचवीस वर्षांच्या लेखनात तुकोबा कुठेही मागे पडलेले दिसत नाहीत, हे पाहता त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते असे मानावे लागते.

घरावरील आघात

या पाचारणाची पहिली किंमत टिळकांनी मोजली नाही. ती लक्ष्मीबाईंनी मोजली. बाप्तिस्म्याची वार्ता त्यांना पूर्वकल्पनेशिवाय कळली. पती हयात असून परका झाला, जातीत राहायचे तर त्याच्या घरी जायचे नाही, अशी त्यांची स्थिती झाली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या; यातील बराच काळ पंढरपुरात गेला. हा विरह साडेचार-पाच वर्षे टिकला. या काळात टिळकांची पत्रे येत, भेटीही होत, पण पत्नीने आपल्यामागून धर्म बदलावा असा बळाचा आग्रह त्यांनी धरला नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हाही त्यांनी स्वतंत्र चूल ठेवली आणि पाण्याचा विटाळ पाळला. त्यांच्या मनातील बदल प्रवचनांनी घडला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारत राहिल्या आणि एके दिवशी त्याचे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांनी प्रारंभ केला. राहुरी येथील वास्तव्यात, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो छपन्नच्या दुष्काळाचा काळ होता (शके नव्हे, विक्रम संवत १९५६) आणि टिळक दांपत्य अनाथ मुलांच्या संगोपनात गुंतले होते.

हे सारे आज तपशिलाने ठाऊक आहे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेष्ट्याची कथा सहसा संदेष्ट्याच्या बाजूने सांगितली जाते. येथे ती त्याच्या पत्नीने, विनोदबुद्धी शाबूत ठेवून सांगितली आहे. टिळकांचा लहरीपणा, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची खोड आणि क्षणात भडकून क्षणात विरघळणारा राग यांवर तिने पांघरूण घातलेले नाही. टिळकांची कुठलीही चरित्रात्मक नोंद या ग्रंथावाचून अपुरी राहील.

नगरमधील कार्य

अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरात डिसेंबर १८३१ मध्ये सुरू झाले. टिळक आले तोवर मिशनच्या शाळा, चर्च आणि ईश्वरविज्ञान शाळा तेथे स्थिरावल्या होत्या, आणि राहुरी, नेवासे, शेवगाव, पारनेर या भागांत ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. या ग्रामीण मंडळ्यांतील बहुसंख्य लोक त्या काळी अस्पृश्य गणलेल्या महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यामध्ये एका संस्कृतज्ञ ब्राह्मणाने येऊन राहणे, जेवणे आणि शिकवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

नगर येथे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या नेतृत्वाखालील ईश्वरविज्ञान शाळेत टिळक अध्यापन करू लागले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. मराठी वाचक त्यांना आजही 'रेव्हरंड टिळक' या नावाने ओळखतात ते या दीक्षेमुळे.

त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य भजनांचे आहे. टिळकांपूर्वी मराठी चर्चमधील गायन बहुतांशी इंग्रजी गीतांच्या भाषांतरांवर चालत असे. चाल परकी, छंद परका, आणि शब्द मराठी असूनही वाक्य मराठी नाही, अशी त्यांतील पुष्कळ गीतांची अवस्था होती. नगरचेच कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी पद्यरचना आणि ख्रिस्ती कीर्तन यांचा पाया घातला होता. टिळकांनी त्यावर इमारत उभी केली. अभंग, ओवी, पदे या घडणीत त्यांनी विपुल रचना केली. त्यांपैकी अनेक 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात समाविष्ट असून आजही दर रविवारी म्हटल्या जातात. निरक्षर शेतमजुराला ज्या छंदात विठोबा ठाऊक होता त्याच छंदात ख्रिस्त सांगावा, हा विचार त्यामागे होता. ज्या जिल्ह्यातील नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या जिल्ह्यात हा विचार सुचावा, यात नवल नाही. 'अभंगांजली' हा त्यांच्या भक्तिपर अभंगांचा संग्रह याच धारेतील आहे.

१९१२ पासून मृत्यूपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये नगर येथेच जन्मलेले हे नियतकालिक मिशनचे मुखपत्र होते, तरी टिळकांनी ते सामाजिक व राष्ट्रीय प्रश्नांच्या चर्चेलाही खुले केले. याच काळात त्यांचे घर कवींचे आश्रयस्थान बनले होते. 'बालकवी' त्र्यंबक बापूजी ठोंबरे काही काळ नगरला टिळकांच्या कुटुंबातच राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. 'टिळकांची कविता' हा संग्रह १९१४ चा. 'केवढे हे क्रौर्य!', 'वनवासी फूल' या त्यांच्या प्रसिद्ध रचना धर्मप्रचारपर नाहीत, हेही नमूद करायला हवे.

मिशनशी मतभेद

टिळक देशाभिमानी होते आणि ख्रिस्ती होण्याने माणूस कमी भारतीय होतो ही समजूत त्यांना मान्य नव्हती. हिंदू समाज धर्मांतरितांना परके मानतो, ही एक तक्रार. दुसरी तक्रार त्यांनी मिशनऱ्यांपुढे मांडली. भारतीय चर्चची सूत्रे परदेशी मंडळाच्या हाती आहेत, पगार देणारा मालक आणि घेणारा चाकर असे नाते तयार झाले आहे, आणि त्यामुळे उपदेशकाच्या शब्दाला वजन उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऐकणारा मनात म्हणतो, हा बोलतो तो पगारासाठी. या संशयाला टिळकांकडे, जोवर ते स्वतः पगार घेत होते तोवर, उत्तर नव्हते. भारतात धर्म सांगणाऱ्याकडून लोक त्यागाची अपेक्षा करतात. कोटपाटलोणीतला, टांग्यातून येणारा उपदेशक त्यांना साधू वाटत नाही, कारकून वाटतो.

हे मतभेद व्यक्तिगत वैराचे नव्हते. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह कायम राहिला. किंबहुना या स्नेहामुळेच निर्णयाला वर्षे लागली असावीत.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि आपण ख्रिस्ती संन्यासी झालो असल्याचे जाहीर केले. ही कृती प्रार्थनेतून मिळालेल्या आदेशानुसार घडली, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या दृष्टीने हे दुसरे पाचारण होते. त्यांचा संन्यास रूढ अर्थाचा नव्हता. कुटुंबाचा त्याग त्यात नव्हता. मालकी, वेतन आणि संप्रदायाचा अधिकार यांचा त्याग होता. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ढासळत्या प्रकृतीत, नियमित उत्पन्न सोडण्याचा भार याही वेळी घरावर पडला, पण या वेळी लक्ष्मीबाई सोबत होत्या.

सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची उभारणी आरंभली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात समान मानले जावेत, ही त्याची मध्यवर्ती कल्पना होती. हिंदू समाजात राहून ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांना त्यात जागा होती. प्रस्थापित चर्चच्या दृष्टीने ही कल्पना अडचणीची होती, कारण बाप्तिस्मा हे चर्चचे प्रवेशद्वारच ऐच्छिक ठरत होते. आणि सनातनी हिंदूंना ती धर्मांतराची नवी युक्ती वाटण्याचा संभव होता. बावीस वर्षांपूर्वी ज्या बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी घर मोडण्याची जोखीम घेतली, त्याचीच सक्ती इतरांवर असू नये असे म्हणण्यापर्यंत ते आले होते. याला विसंगती म्हणावे की अनुभवाचे फळ, याबद्दल अभ्यासकांत दुमत संभवते. ज्याने तो आघात घरात पाहिला होता त्यालाच अशी तोड सुचावी, हे मात्र स्वाभाविक वाटते.

दरबाराला फार वेळ मिळाला नाही. दोन वर्षांच्या आतच टिळकांची प्रकृती खालावली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले. त्यांच्यामागे दरबार संघटना म्हणून टिकला नाही. तो एका माणसाच्या वाणीवर उभा होता.

उत्तरप्रभाव

नगर येथे काम केलेले इंग्रज धर्मोपदेशक जॅक विन्स्लो यांच्यावर टिळकांच्या विचारांचा ठसा होता. त्यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' हा भारतीय आश्रमपद्धतीचा संघ स्थापन केला आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. देशी वेश, साधी राहणी, भारतीय व परदेशी सभासदांची बरोबरी ही या संघाची वैशिष्ट्ये दरबाराच्या कल्पनेशी नाते सांगणारी आहेत.

टिळकांनी १९०९ च्या सुमारास 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य आरंभिले होते. सुमारे अकरा अध्यायांपर्यंत येऊन ते थांबले. विवाहानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या आणि एके काळी त्याच्या घरचे पाणीही वर्ज्य मानणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय लिहून ते काव्य पूर्णत्वास नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने त्यानंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.